पत्र्याखालची दुपार : शाश्वत रचनेचा गट-प्रकल्प आणि चिंतनवही कशी चालवावी

शाश्वत रचना हा विषय वर्गात शिकवताना मोठी अडचण ही येते की विद्यार्थ्यांना उत्तरे आधीच ठाऊक असतात. छतावर सौर पॅनेल, अंगणात शोषखड्डा, भिंतीवर वेली आणि शेवटी हिरव्या रंगातील सादरीकरण एवढे जुळून आले की प्रकल्प पुरा झाला असे गटाला वाटते, आणि त्याला गुणही मिळतात. ज्या घरासाठी हे सारे रेखाटले, त्या घरात एप्रिलच्या दुपारी दोन वाजता कोण बसलेले असते, नळाला पाणी कितव्या दिवशी येते आणि आलेले पाणी कशात साठवले जाते, हे मात्र गटातील एकालाही सांगता येत नाही. सोलापुरात असे प्रकल्प घेताना माझ्याकडूनही सुरुवातीला हेच झाले. पुढे दिलेली पद्धत त्या चुका दुरुस्त करत करत तयार झाली असून, ती शिक्षकांना आणि गटांना थेट वापरता यावी म्हणून एकाच उदाहरणाच्या आधारे मांडत आहे: विडी वळणाऱ्या महिलेच्या पत्र्याच्या घरातील दुपारचा उष्मा कमी करणे.

या पद्धतीत एका गोष्टीवर माझा सर्वाधिक भर आहे. रचनेचा विद्यार्थी खऱ्या अर्थाने शिकतो तो निर्णय घेण्याच्या क्षणी. आणि तो निर्णय का घेतला, त्या वेळी काय माहीत होते व काय गृहीत धरले होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवले नाही, तर महिन्याभराने मनात उरते ती फक्त सोयीची आठवण. म्हणून चिंतन हे प्रकल्प संपल्यावर जोडायचे शेवटचे प्रकरण मानू नये. ते पहिल्या दिवसापासून कामाबरोबर चालले पाहिजे.

प्रश्न लहान करा, वेळ नीट निवडा

सोलापूरला वर्षाला सरासरी ढोबळमानाने ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणे ही येथे नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे विषय निवडताना सत्राचा विचार आधी करावा. जुलै ते नोव्हेंबरच्या सत्रात पाण्याचा प्रश्न घ्यावा, कारण पागोळ्या प्रत्यक्ष मोजता येतात. जानेवारी ते मेच्या सत्रात उष्म्याचा प्रश्न घ्यावा. याच्या उलट केले, तर गटाला सारे आकडे पुस्तकातून घ्यावे लागतात आणि चिंतन करण्यासारखे हाती काही राहत नाही. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते आणि त्या दिवसांत ना विद्यार्थी मोकळे असतात ना घरे. म्हणून पहिली भेट यात्रेनंतरच्या आठवड्यात ठेवावी, आणि मोजमापाचा मुख्य काळ मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत धरावा.

प्रश्न जितका लहान, तितके शिक्षण खोल होते, असा माझा अनुभव आहे. ‘कामगार वस्तीसाठी पर्यावरणपूरक घर’ हा विषय घेतलेल्या गटाला चौदा आठवड्यांत एकही गोष्ट पूर्ण तपासता येत नाही. ‘बारा ते चार या वेळेत जमिनीवर बसून काम करणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याभोवतीची हवा आणि तिच्या वरचा पत्रा यांचे तापमान, भाडेकरूला परवडेल इतक्या खर्चात किती उतरवता येते?’ हा प्रश्न मात्र तपासता येतो, चुकता येतो आणि दुरुस्तही करता येतो. या एका वाक्यात वेळ आहे, माणसाची बसण्याची उंची आहे, मालकी आहे आणि पैसा आहे. असे वाक्य लिहायला गटाला दोन आठवडे लागले तरी लागू द्यावेत.

गट मैत्रीने जुळवू नका

चार किंवा पाच विद्यार्थ्यांचा गट पुरेसा होतो. सहावा आला की त्याच्यासाठी काम शोधावे लागते. गट शिक्षकाने ठरवावेत, आणि ते ठरवताना गुणांपेक्षा भाषेकडे आधी पाहावे. सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी बहुधा कन्नड असते, काहींच्या घरी दखनी उर्दू असते. ज्या घरात काम करायचे त्या घराची भाषा बोलणारा किमान एक विद्यार्थी प्रत्येक गटात असलाच पाहिजे. असा विद्यार्थी वर्गात अनेकदा मागच्या बाकावर असतो. प्रकल्पात तोच गटाचा कान होतो, आणि त्याच्याकडे पाहण्याची बाकीच्यांची दृष्टी बदलते. हा बदलही प्रत्येकाच्या स्वतःच्या चिंतनवहीत उतरावा, असे मी आग्रहाने सांगतो.

कामे चार असतात: मोजमाप, नोंद, घरच्या मंडळींशी बोलणे आणि खर्चाचा हिशेब. ही कामे दर तीन आठवड्यांनी बदलावीत. रेखाटन चांगले करणारा कायम रेखाटनच करत राहिला, तर गटाचे काम देखणे होते, पण त्याला तापमापक कसा धरायचा हे शेवटपर्यंत कळत नाही. पहिल्याच बैठकीत गटाने एक पानी करार लिहावा: भेटीचा वार कोणता, न आलेल्याने काय भरून द्यायचे, मतभेद झाल्यास निर्णय कसा घ्यायचा. करारावर सगळ्यांनी सह्या कराव्यात आणि तो निर्णयवहीच्या, म्हणजे गटाचे निर्णय नोंदवण्याच्या वहीच्या, पहिल्या पानावर चिकटवावा.

पहिली भेट: वही बंद ठेवून

पहिल्या भेटीत काहीही मोजू नये आणि फोटो काढू नयेत. दोन तास नुसते बसावे. विडीचा मोबदला हजार विड्यांच्या हिशेबाने मिळतो, त्यामुळे बोलण्यात घालवलेला वेळ हा त्या घराच्या मिळकतीतून जातो, हे विद्यार्थ्यांना आधी समजावून सांगावे. माल कारखान्यात नेऊन देण्याची आणि पान-तंबाखू घेऊन येण्याची वेळ टाळून, घरच्यांनी सांगितलेल्या वेळीच जावे. बाई सूप मांडीवर घेऊन कुठे बसतात, हे पाहावे. बहुतेक वेळा त्या दाराजवळ बसलेल्या दिसतात, कारण पान कापायला आणि दोरा गुंडाळायला उजेड लागतो. म्हणजे उष्म्यावर उपाय म्हणून दारावर जाड पडदा सुचवणारा गट त्यांच्या कामाचा उजेडच काढून घेणार असतो. ही गोष्ट नकाशात दिसत नाही, ती बसल्यावरच दिसते.

संमती तोंडी पण स्पष्ट घ्यावी: आम्ही शिकणारे आहोत, आम्ही काय मोजणार, कशाचे फोटो काढणार, ते कुणाला दाखवणार, आणि तुम्ही कधीही नको म्हणू शकता. ‘आम्ही तुमचे घर थंड करून देऊ’ असे आश्वासन कोणीही देऊ नये. हे वाक्य उत्साहाच्या भरात सहज तोंडून निघते आणि नंतर त्याची भरपाई करता येत नाही.

मोजमाप: येथेच बहुतेक गट चुकतात

तापमान तीन ठिकाणी घ्यावे: बाहेर सावलीत, घरात बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर म्हणजे जमिनीपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर, आणि पत्र्याच्या खालच्या पृष्ठभागावर. तापमापकावर थेट ऊन पडता कामा नये आणि तो भिंतीला टेकलेला नसावा. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा तीन वेळा, किमान सात दिवस. रात्रीचे माप विद्यार्थ्यांना निरुपयोगी वाटते, पण ते अत्यंत महत्त्वाचे आहे. पत्रा दुपारी पटकन तापतो आणि सूर्य मावळल्यावर तितक्याच लवकर निवतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती खोलीत सोडत राहतो, म्हणूनच स्लॅबच्या घरातली माणसे उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जातात. त्यामुळे कोणते छत चांगले, या प्रश्नाला ‘कोणत्या वेळी?’ हा प्रतिप्रश्न केल्याशिवाय उत्तर नाही. शक्य असल्यास पत्र्याचे एक घर आणि पक्के एक घर एकाच दिवशी मोजावे. कुंभारी येथे विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तेथील रे नगरमध्ये पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. पत्र्यातून पक्क्या घरात गेलेल्या कुटुंबांकडून दुपार आणि रात्र यांतला फरक कसा जाणवला हे ऐकणे, कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवते.

पृष्ठभागाचे तापमान मोजण्यासाठी बंदुकीसारखा अवरक्त (इन्फ्रारेड) तापमापक वापरला जातो, आणि येथे एक ठराविक चूक होते. हे यंत्र पृष्ठभागाने उत्सर्जित केलेली उष्णता मोजते; चकचकीत गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा ती कमी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूच्या वस्तूंची उष्णता परावर्तित करतो, त्यामुळे यंत्र खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवते. उपाय सोपा आहे. पत्र्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावावा, काही मिनिटे थांबावे आणि पट्टीवर नेम धरून मोजावे. हाच गुणधर्म आणखी एक गोष्ट समजावतो: नवा पत्रा आरशासारखा चमकत असूनही चटका बसण्याइतका का तापतो? तो ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण जी उष्णता आत शिरते ती आकाशाकडे परत सोडत नाही. पांढरा परावर्तक रंग ऊन परतवणे आणि उष्णता सोडणे ही दोन्ही कामे करतो. आणि सोलापूर उत्तर अक्षांश १७.७ अंशांच्या आसपास असल्याने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत खिडकीवरचा छज्जा कितीही रुंद केला तरी घराला तापवणारा मुख्य पृष्ठभाग छतच राहते. तापण्याचे कारण एकदा असे हाती लागले की उपाय शोधताना गट भरकटत नाही.

पर्यायांची तुलना

निर्णयवहीत किमान चार पर्याय यावेत, आणि प्रत्येक पर्यायासमोर पाच गोष्टी लिहाव्यात: उष्णता कशी अडते, पाणी किती लागते, पैसे किती, देखभाल कोण करणार, आणि घर सोडताना भाडेकरूला ते बरोबर नेता येते का. तुलनेचे एकक आधी ठरवावे, उदाहरणार्थ ‘२० चौरस मीटर छत, ५ वर्षे’. असे एकक नसेल तर एकदाच खर्च होणारा रंग आणि दरवर्षी बदलावी लागणारी जाळी यांची तुलना न्याय्य होत नाही. दर बाजारात जाऊन विचारावेत. इंटरनेटवरील दर चालणार नाहीत.

कूलरचे उदाहरण घ्या. कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा चांगला मिळतो, हे भौतिकशास्त्र सोलापूरला पुरेपूर लागू पडते. परंतु ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येत आले आहे आणि ज्या पाण्याचा एक भाग उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीने आणावा लागतो, तेथे कूलर दुपारच्या चार तासांत किती पाणी पितो, हे बादलीने मोजल्याशिवाय तो पर्याय मांडू नये. त्या प्रत्येक लिटरमागे पंपाची वीजही आहे. पंख्याचा हिशेबही असाच करावा: ७५ वॅटचा जुना पंखा आठ तास चालला तर ०.६ युनिट वीज लागते, ३० वॅटच्या नव्या पंख्याला त्याच वेळेत ०.२४ युनिट पुरते. ही गोष्ट साधी आहे, आणि कदाचित म्हणूनच विद्यार्थी ती सादरीकरणात घेत नाहीत.

पावसाच्या पाण्याचा आकडा असाच नीट हाताळावा लागतो. २० चौरस मीटर पत्रा, ५५० मिलिमीटर पाऊस, आणि सांडणे-उडणे वजा जाता ८० टक्के पाणी हाती येते असे धरले, तर वर्षाला ८,८०० लिटर मिळतात. आकडा मोठा दिसतो. पण शहरी पाणीपुरवठ्याच्या माणशी दररोज १३५ लिटर या मानकाने पाच जणांच्या कुटुंबाला रोज ६७५ लिटर लागतात, म्हणजे वर्षभराचे हे पाणी तेरा दिवसांचे झाले. शिवाय ते काही मोजक्या सरींत येते. त्यामुळे हा उपाय निकामी ठरत नाही, कारण पावसाळ्यात पाणी न येणाऱ्या दिवशी टाकीभर पाणी असणे ही मोठी सोय आहे. मात्र ‘घर पाण्यात स्वयंपूर्ण होईल’ हे वाक्य अहवालातून काढावे लागते. ते वाक्य खोडतानाचे पान जपून ठेवावे.

पारंपरिक उपायांकडे आदराने, पण डोळे उघडे ठेवून पाहावे. सोलापूर जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी तुळया, त्यावर किलचान (लहान लाकडी पट्ट्यांचा थर) आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. उन्हाळ्यात अशा घरात शिरताच गारवा जाणवतो. गटांनी एखाद्या गावात जाऊन तो जरूर अनुभवावा आणि मोजावाही. त्याच वेळी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंपही लक्षात ठेवावा. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे जड छत कोसळल्याने तेथे हजारो माणसे झोपेतच दगावली. शाश्वत या शब्दात जीव वाचणे हे पहिले येते. माळवदाचे तत्त्व, म्हणजे ऊन आणि खोली यांच्यामध्ये उष्णता अडवणारा थर, उचलावे. त्याचे वजन उचलू नये.

या टप्प्यावरील एक अनुभव विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. एका गटाने यंत्रमागांवरून निघणारा सुताचा कचरा आणि चादरींच्या कातरणी गोण्यांत भरून पत्र्याखाली टांगण्याची कल्पना मांडली. सोलापूरचा स्वतःचा टाकाऊ माल, जवळजवळ फुकट, आणि उष्णतारोधक म्हणून कापूस उत्तम. वर्गात सर्वांना ती आवडली, मलाही आवडली, आणि मी त्यांना पुढे जायला सांगितले. त्या घरातील वयस्कर अक्कांनी गोणी हातात घेऊन तेलुगूत दोनच प्रश्न विचारले: यात उंदरांनी घर केले तर काढायचे कुणी, आणि खाली गॅस पेटलेला असताना वर कापूस टांगायचा का? भाषांतर करणाऱ्या विद्यार्थिनीने आधी ते प्रश्न सौम्य करून सांगितले. त्या सायंकाळी तिने आपल्या वहीत लिहिले की आपल्या गटाला वाईट वाटू नये म्हणून आपण अक्कांचे म्हणणे कमी करून सांगितले, आणि तसे करणे चुकीचे होते. दुसऱ्या दिवशी तिने मूळ प्रश्न जसेच्या तसे गटासमोर ठेवले आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. माझ्याकडूनही आगीचा विचार सुटला होता, हे मी त्यांच्या निर्णयवहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले. शिक्षकाने असे लिहिले की विद्यार्थी आपली चूक लिहायला घाबरत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

शेवटी त्या गटाने पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग आणि पत्र्यापासून वीतभर उंचीवर, मधून हवा खेळेल अशी बांधलेली शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, हा जोड-उपाय निवडला. चुना स्वस्त असूनही सोडावा लागला, कारण गुळगुळीत पत्र्यावर तो नीट धरत नाही आणि पहिल्या जोरदार पावसात वाहून जातो. जाळी मात्र वळवाच्या वादळात फाटू शकते. म्हणून ती दोऱ्या सोडून घरातल्या एका माणसाला दहा मिनिटांत उतरवता येईल अशीच बांधली पाहिजे, आणि हे घरातील व्यक्तीकडून प्रत्यक्ष करून घेऊन पाहावे. पत्र्यावर कोणीही चढताना आधार नीट तपासावा. हे काम सवयीच्या कारागिराकडूनच करून घ्यावे, विद्यार्थ्यांना छतावर चढवू नये.

दोन वह्या: निर्णयवही आणि चिंतनवही

निर्णयवही गटाची असते. प्रत्येक नोंदीत तारीख, निर्णय, नाकारलेले पर्याय, त्या दिवशी हाती असलेला पुरावा आणि विरोधात असलेल्या सदस्याचे मत एवढे यावे. पाने क्रमांकित असावीत, फाडू नयेत. चिंतनवही प्रत्येकाची स्वतःची असते आणि ती आठवड्यातून एकदा, भेटीनंतर चोवीस तासांच्या आत लिहावी. शिक्षणविचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम करताना होणारे चिंतन आणि काम झाल्यावर होणारे चिंतन असा फरक मांडला होता. निर्णयवही पहिल्याला जवळची आहे आणि चिंतनवही दुसऱ्याला, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. ग्रॅहम गिब्ज यांचे १९८८ मधील सहा टप्प्यांचे चक्र, म्हणजे वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती, अनेक महाविद्यालयांत छापील तक्त्याच्या रूपाने दिले जाते. ते चांगले आहे, पण तक्ता हातात पडला की विद्यार्थी रकाने भरू लागतात. मी त्याऐवजी चारच प्रश्न देतो: काय घडले? घडण्याआधी मला काय वाटत होते? या दोहोंत फरक का पडला? पुढच्या भेटीत मी नेमके काय वेगळे करणार?

दुसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे आणि त्याच्याशिवाय बाकीचे तिन्ही पोकळ ठरतात. म्हणून प्रत्येक मोजमापापूर्वी अंदाज लिहून ठेवण्याची सवय लावावी. दुपारी दोन वाजता पत्रा किती तापलेला असेल, रंगानंतर किती उतरेल, असा आकडा आधी लिहिलेला असला की नंतर ‘मला हे माहीतच होते’ असे मन म्हणू शकत नाही.

फरक दाखवण्यासाठी दोन नोंदी नमुन्यादाखल देतो. पहिली: ‘या प्रकल्पातून मला संघभावना, वेळेचे नियोजन आणि पर्यावरणाचे महत्त्व समजले.’ हे वाक्य कोणत्याही प्रकल्पाखाली चालेल, त्यामुळे ते या प्रकल्पाविषयी काहीच सांगत नाही. दुसरी: ‘मंगळवारी मी पत्र्याचे तापमान ४१ अंश लिहिले आणि पत्रा हवेपेक्षा फारसा तापत नाही असे गटाला सांगितले. हाताला चटका बसत होता, तरी यंत्राचा आकडा मी खरा मानला. गुरुवारी पट्टी लावून मोजल्यावर आकडा ६० च्या वर गेला. यापुढे हात आणि यंत्र यांचे जमले नाही, तर मी आधी यंत्र तपासेन.’ या नोंदीत एक चूक आहे, तिचे कारण आहे आणि पुढची कृती आहे. वर्गात पहिल्याच आठवड्यात अशा दोन नोंदी शेजारी शेजारी वाचून दाखवल्या की पुढे फार समजावावे लागत नाही.

चिंतनवही ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत लिहू द्यावी. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, कोणतीही चालेल. इंग्रजीत लिहायला लावले की विद्यार्थी अहवालाची तयार वाक्ये उसनी घेतात. घरच्या भाषेत लिहिणारा तोच विद्यार्थी दाराजवळचे सूप, पत्र्याचा चटका, अक्कांचा आवाज लिहितो. शिक्षकाला ती भाषा वाचता येत नसेल, तर विद्यार्थ्याने नोंद वाचून अर्थ सांगावा. त्या पंधरा मिनिटांत अनेकदा नोंदीपेक्षा अधिक बोलणे होते.

शिक्षकाने वहीत शेरे मारू नयेत. प्रत्येक नोंदीखाली एकच प्रश्न लिहावा, आणि पुढच्या नोंदीची सुरुवात त्याच्या उत्तराने व्हावी. व्यक्तिगत दुःख, घरची अडचण, गटातील कुणाविषयीची नाराजी असे काही लिहिले असेल तर ते वर्गात वाचले जाणार नाही, हे आधी सांगावे आणि पाळावे.

वाद आणि गुण

गटात वाद होतोच. काम न करणाऱ्या सदस्याविषयीची तक्रार सत्राच्या शेवटी ऐकून उपयोग नसतो. ती पाचव्या आणि दहाव्या आठवड्यात विचारून घ्यावी. प्रत्येकाने इतर सदस्यांनी काय केले ते चिठ्ठीवर लिहावे आणि प्रत्येक विधानासमोर निर्णयवहीचा पान-क्रमांक द्यावा. पानाचा आधार नसलेली स्तुती आणि निंदा, दोन्ही विचारात घेऊ नयेत. मागे पडलेल्या सदस्याशी आधी एकट्याने बोलावे. कधी कधी कारण साधे असते: सकाळी यंत्रमागावर किंवा दुकानात काम करून येणाऱ्या विद्यार्थ्याला दुपारच्या भेटी जमत नाहीत, आणि रात्री दहाचे माप त्याच्याकडे दिले की तो ते एकही दिवस चुकवत नाही.

गुणांची विभागणी मी अशी करतो: मोजमाप आणि निर्णयवही यांना ३५, रचना व खर्चाचा हिशेब यांना ३०, वैयक्तिक चिंतनवहीला २५, आणि घरच्या मंडळींसमोर त्यांच्या भाषेत केलेल्या मांडणीला १०. पहिल्या दोन भागांचे गुण गटाला समान, उरलेले स्वतंत्र. चिंतनवहीला गुण देताना भावना किती उत्कट आहेत किंवा कबुली किती मोठी आहे, हे पाहू नये. विचार कुठे बदलला, कोणत्या पुराव्याने बदलला आणि त्यानंतर कृती बदलली का, एवढेच पाहावे. उपाय फसलेल्या गटालाही पूर्ण गुण मिळू शकतात, हे पहिल्या तासाला सांगणे आवश्यक आहे. अन्यथा आकडे सजवले जातात.

परत जाणे

सत्र मेमध्ये संपते, जाळीची परीक्षा मात्र वळवाच्या वादळात आणि रंगाची सप्टेंबरच्या पावसात होते. म्हणून प्रत्येक गटाकडून ऑक्टोबरातील एका भेटीचे वचन घ्यावे आणि त्याची तारीख करारातच लिहून ठेवावी. त्या भेटीत पुन्हा तेच तापमापक, त्याच उंचीवर, त्याच वेळी लावावेत. एप्रिलचे आकडे आणि ऑक्टोबरचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या सावलीतील तापमान आणि पत्र्याचे तापमान यांतला फरक तेवढा ताडावा. जाळी अजून वर आहे की तिचा उपयोग आता सरपण झाकायला होतो आहे, रंग कुठे उडाला, दोऱ्या कोण सोडते, हे विचारावे. उत्तरे निर्णयवहीच्या शेवटच्या पानांवर लिहावीत, आणि ती वही नव्या तुकडीच्या हाती द्यावी. नव्या गटाने पहिल्या भेटीला जाण्यापूर्वी ती पूर्ण वाचावी, आणि पहिली नोंद तिच्यातील एका चुकीविषयी लिहावी, जी आपण पुन्हा करू असे त्यांना वाटते.